नोकऱ्या वाचल्या, पूल खचले : कोरोनानंतरची जर्मनी

नेकारकाठी (धागाकर्ता)

माझ्या एप्रिल २०२० च्या पगारपत्रकावर एक नवी ओळ आली होती : कुर्त्सआर्बाइटरगेल्ड. म्हणजे कमी तासांच्या कामाबद्दल मिळणारा भत्ता. श्टुटगार्टजवळच्या एका गावात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरी करतो. मार्चच्या शेवटी ऑर्डरी आटल्या, रात्रपाळी बंद झाली, आणि आता घरी पत्र येणार असं प्रत्येकाला वाटू लागलं. पत्र आलंच. पण त्यात लिहिलं होतं की कामाचे तास निम्मे होतील, नोकरी राहील आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा सरकारी रोजगार संस्था भरून देईल. बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. त्या रात्री आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

धागा या ओळीपासून सुरू करतोय, कारण गेल्या काही वर्षांत या देशाचं जे बरंवाईट झालं त्याची सुरुवात मला तिथे दिसते. इकडे मराठी मंडळी गणपतीला किंवा दिवाळीला भेटली की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, जर्मनीने कोरोना किती व्यवस्थित हाताळला. दुसरा म्हणतो, जर्मनीचं आता काही खरं नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. होतं ते वाचवण्यात हा देश फार तरबेज निघाला. नवं उभारायची वेळ आली तेव्हा मात्र त्याने हात आखडता घेतला. आणि या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या.

आधी वाचवण्याबद्दल. समजा एखाद्याच्या हातात महिना ३००० युरो पडत होते. तास निम्मे झाल्यावर कंपनीकडून १७०० येऊ लागले. बुडाले १३००. त्यातले ६० टक्के, म्हणजे ७८०, रोजगार संस्था देते. घरात मूल असेल तर ६७ टक्के. म्हणजे निम्मं काम करूनही माणूस २४८० युरो घरी नेतो. मे २०२० मध्ये यात भर पडली : तास निम्मे किंवा त्याहून कमी झाले असतील तर चौथ्या महिन्यापासून ७० टक्के आणि सातव्यापासून ८० टक्के, मूल असलेल्यांना प्रत्येक टप्प्यावर ७ टक्के जास्त. पूर्वी कंपनीतल्या एक तृतीयांश लोकांचं काम कमी झाल्याशिवाय अर्ज करता येत नसे, ती अट १० टक्क्यांवर आणली. कंपनीने भरायचे सामाजिक विम्याचे हप्तेही संस्थेने परत दिले.

एप्रिल २०२० मध्ये जवळपास ६० लाख लोक या योजनेवर होते. २००९ च्या मंदीत हा आकडा १५ लाखांच्या आसपासच होता. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेत बेकारी १४ टक्क्यांपलीकडे पोचली. जर्मनीत वर्षाची सरासरी ५ टक्क्यांवरून ५.९ वर गेली, इतकंच. हे पैसे आले कुठून? न्यूर्नबर्गच्या मध्यवर्ती रोजगार संस्थेकडे चांगल्या वर्षांत साठवलेले सुमारे २६ अब्ज युरो होते. ते सगळे संपले आणि वर केंद्राला भर घालावी लागली. सुगीत भरलेली कणगी दुष्काळात उघडावी तसं झालं.

एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती, ती नव्याने आलेल्यांसाठी लिहून ठेवतो. हा भत्ता करमुक्त असला तरी कराचा दर ठरवताना उत्पन्नात धरला जातो. त्यामुळे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरावंच लागतं, आणि बऱ्याच जणांना वरून कर भरावा लागला. आमच्या विभागात त्यावरून फार मनस्ताप झाला.

बाकी उपाय थोडक्यात. मार्च २०२० मध्ये १५६ अब्जांचा पुरवणी अर्थसंकल्प. जूनमध्ये १३० अब्जांचं पॅकेज, ज्याबद्दल तेव्हाचे अर्थमंत्री ओलाफ शोल्त्स म्हणाले की संकटातून 'वुम्स'सह, म्हणजे दणक्यात, बाहेर पडायचं आहे. १ जुलैपासून सहा महिने मूल्यवर्धित कर १९ वरून १६ टक्के आणि अन्नधान्यावरचा ७ वरून ५. प्रत्येक मुलामागे ३०० युरो. आमची मुलगी जूनमध्ये जन्मली, तिचेही आले. त्यातून बाबागाडी घेतली.

आता दुसरी बाजू. डिसेंबर २००८ मध्ये तेव्हाच्या चान्सेलर अँगेला मेर्केल याच श्टुटगार्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात म्हणाल्या होत्या की जगाने श्वाबियन, म्हणजे या भागातल्या काटकसरी, गृहिणीला विचारायला हवं होतं. ती सांगेल की कायम ऐपतीबाहेर जगता येत नाही. आपल्याकडची 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हीच गोष्ट. २००९ मध्ये ती थेट राज्यघटनेत गेली. तिला इथे शुल्डनब्रेम्झं म्हणतात, कर्जाला लावलेला ब्रेक : केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आणीबाणीत तो सैल करता येतो आणि २०२० मध्ये केलाही. पण सैल झाला तो वाचवण्यापुरता. रेल्वे, पूल, वीजवाहिन्या, शाळांची छपरं यांसाठी उघडपणे कर्ज काढायची सोय त्यात नव्हती. त्याआधी, २०१४ ते २०१९, व्याज जवळजवळ शून्य असतानाही केंद्राने निव्वळ नवं कर्ज घेतलं नाही आणि त्याचा अभिमान बाळगला. मी याच भागात राहतो. इथला टापटीपपणा, काटकसर मला मनापासून आवडते. पण घराचं छप्पर गळत असताना बँकेत पैसे साठवणं ही काटकसर नव्हे, असं मला फार आतून वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. मी अर्थतज्ज्ञ नाही, अभियंता आहे. चुकत असेन तर आकड्यांसकट दाखवा.

चाकणकर

चांगला धागा. दुसऱ्या टोकाकडून लिहितो. आमचं चाकणला छोटं युनिट आहे, मशीनिंगचं काम. आमचा माल एका श्वाबियन कंपनीच्या भारतीय शाखेला जातो आणि तिथून थोडा जर्मनीला.

२०२० च्या उन्हाळ्यात ऑर्डरी परत सुरू झाल्या तेव्हा जो फरक पाहिला तो विसरणार नाही. जर्मनीत त्यांचा तोच सेटर, तोच क्वालिटीवाला, तीच माणसं त्याच मशीनवर परत उभी होती. मेलला उत्तर देणारा माणूससुद्धा तोच. आमच्याकडे ४० कंत्राटी कामगारांतले ३१ गावी गेले होते. कोणी बिहारला, कोणी बीड-लातूरकडे. बरेच चालत निघाले होते. त्यांना थांबवायला माझ्याकडे पगार नव्हता आणि माझ्या पाठीमागे कुठली संस्था नव्हती. दिवाळीपर्यंत त्यातले १२ आले. नवी पोरं घेतली, शिकवली, तोवर रिजेक्शन वाढलं ते वेगळंच.

कुर्त्सआर्बाइटबद्दल इकडे 'घरी बसून पगार' असं कोणी म्हटलं की मी हे सांगतो. तो पैसा नुसता माणसाला मिळाला नाही. हातातलं कसब विखुरलं नाही, त्याची किंमत आहे ती.

मृण्मयी

वरचं सगळं मान्य, पण माझी गोष्ट या चित्रात बसत नाही म्हणून लिहितेय.

ऱ्हाइनकाठच्या एका शहरात माझं सहा टेबलांचं उपाहारगृह आहे. मिसळ, थालीपीठ, शनिवारी पुरणपोळी. मार्च २०२० मध्ये ते बंद झालं. कुर्त्सआर्बाइट हे बेकारी विम्याचं अपत्य आहे. विमा असेल तर भत्ता. मी स्वतःची मालक, मला विमा नाही. माझ्याकडे वाढायला येणाऱ्या चार विद्यार्थिनी मिनीजॉबवर, म्हणजे महिना ४५० युरोपर्यंतच्या छोट्या कामावर, होत्या, त्यांनाही नाही. त्यातल्या दोघी पुण्याच्या. भाडं द्यायचं कसं म्हणून त्यांतली एक माझ्याकडे रडली. तिच्या घरी वडिलांचाही पगार थांबला होता. ज्यांच्याकडे कायमची नोकरी होती त्यांच्याभोवती भिंत उभी राहिली. आम्ही भिंतीबाहेर होतो.

आमच्यासाठी झोफोर्टहिल्फं, तातडीची मदत, आली. पाचपर्यंत कामगार असतील तर तीन महिन्यांसाठी ९००० युरोपर्यंत, दहापर्यंत असतील तर १५०००. अर्ज संगणकावर भरला आणि चार दिवसांत पैसे खात्यात. जर्मनीत इतक्या झटपट सरकारी काम झालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

मग पुढच्या वर्षी पत्र आलं. तीन महिन्यांतली प्रत्यक्ष तूट मोजा, उरलेले परत करा. तूट मोजताना जागेचं भाडं धरायचं, वीज धरायची, पण माझं स्वतःचं जेवणखाण, घरभाडं, आरोग्य विमा धरायचा नाही. त्या तीन महिन्यांत मी डबे पोचवून जे कमावलं ते मात्र उत्पन्नात. म्हणजे धडपड केली म्हणून तूट कमी, आणि तूट कमी म्हणून परतफेड जास्त. मला पाच हजारांच्या वर रक्कम परत करायला सांगितली गेली. हप्ते बांधून दिले, ते फेडले. मदत फुकट हवी होती असं माझं म्हणणं नाही. कर्ज असेल तर पहिल्या दिवशी कर्ज म्हणा. मी तेव्हा एक विद्यार्थिनी कमी ठेवली असती, फ्रीज बदलला नसता. अर्ज भरताना जो अर्थ लागला तो नंतर बदलला, याचा राग अजून आहे.

नोव्हेंबर २०२० पासूनच्या दुसऱ्या बंदीत आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या उलाढालीच्या ७५ टक्के देऊ केले होते, ते फार उदार होतं. पण तो अर्ज कर सल्लागारामार्फत आणि पैसे यायला कितीतरी आठवडे.

नेकारकाठी

मृण्मयी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या लेखात मिनीजॉबवाल्यांचा उल्लेखच नव्हता, ती चूक माझी. मी भिंतीच्या आत होतो म्हणून मला भिंत दिसली नाही.

परतफेडीची प्रकरणं बऱ्याच ठिकाणी न्यायालयात गेली. मार्च २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने तिथल्या राज्याने पाठवलेले हिशेबाचे आदेश बेकायदा ठरवले. मंजुरीपत्रात जे लिहिलं होतं त्याला ते धरून नव्हते, असं थोडक्यात कारण. पण नवे आदेश काढायची वाट राज्याला मोकळी राहिली. त्यामुळे जिंकूनही बऱ्याच जणांची सुटका झाली नाही.

अर्थात

पुण्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. जर्मनीत राहिलेलो नाही, पण युरोपीय वित्तीय नियम हा आवडीचा विषय.

धागाकर्त्याच्या मांडणीतल्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. कर्जाचा ब्रेक हा खलनायक नाही. २०१९ मध्ये जर्मनीचं सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या आसपास उतरलेलं होतं. इटलीचं १३० च्या पुढे. मार्च २०२० मध्ये शोल्त्स 'बाझूका', म्हणजे मदतीची मोठी तोफ, काढू शकले आणि बाजाराने भुवयाही उंचावल्या नाहीत, ते त्या गृहिणीमुळेच. तुमच्या पगारपत्रकातली ओळ तिच्या डब्यातून आलेली आहे. नंतर कर्ज ६८-६९ टक्क्यांपर्यंत चढलं आणि २०२४ पर्यंत पुन्हा ६२-६३ वर आलं. मोठ्या अर्थव्यवस्थांत असं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही.

लुफ्तान्झाचंही बघा. ९ अब्जांचं पॅकेज, त्यात सरकारचा २० टक्के हिस्सा. करदात्याचा पैसा बुडाला म्हणून ओरड झाली. सप्टेंबर २०२२ पर्यंत सरकारने सगळे शेअर विकले, ७६ कोटी युरो नफ्यात. वाचवणं आणि नंतर वेळेवर बाजूला होणं, दोन्ही जमलं. आपल्याकडे दुसरी गोष्ट फार क्वचित जमते.

आणि मेर्केल नुसत्या गृहिणीच्या बाजूने राहिल्या असंही नाही. मे २०२० मध्ये त्यांनी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांच्यासोबत ५०० अब्जांच्या युरोपीय निधीचा प्रस्ताव मांडला, सगळ्या देशांनी एकत्र कर्ज काढून. जर्मनीत हे तोवर जवळजवळ निषिद्ध होतं. जुलैमध्ये त्यातूनच ७५० अब्जांचा निधी ठरला. त्यातला मोठा वाटा इटली, स्पेनकडे गेला. घरात ब्रेक आणि युरोपात ॲक्सिलरेटर, अशी त्यांची चाल होती.

मंदीचं खरं कारण २०२२ मध्ये आहे. युक्रेन युद्धापूर्वी जर्मनीच्या आयात वायूपैकी ५५ टक्के रशियातून येत होता. सप्टेंबर २०२२ पासून नॉर्ड स्ट्रीम या रशियाकडून येणाऱ्या वायुवाहिनीतून थेंब येईना. त्या वर्षी महागाई ६.९ टक्के. वर चीन, जो गिऱ्हाईक होता, तो गाड्यांत स्पर्धक झाला. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आक्रसली. यात ब्रेकचा दोष कितीसा?

नेकारकाठी

अर्थात, डब्याचा मुद्दा मान्य. खरंच. डबा भरलेला होता म्हणून मी झोपू शकलो. वायूचंही मान्य, आमच्या उष्णोपचार विभागाच्या भट्ट्या वायूवरच चालतात, त्या हिवाळ्यात बिल बघून व्यवस्थापकाचा चेहरा उतरला होता ते मी पाहिलंय.

पण नोव्हेंबर २०२३ बद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, आणि माझा सगळा त्रागा तिथे आहे.

जे वाचतायत आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोरोनासाठी २०२१ मध्ये जी कर्ज काढायची परवानगी संसदेने दिली होती, त्यातले ६० अब्ज वापरावेच लागले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये नवं तीन पक्षांचं सरकार आलं. सामाजिक लोकशाहीवाद्यांना खर्च हवा होता, हरितांना हवामानासाठी गुंतवणूक, आणि उदारमतवाद्यांना ब्रेकला हात लावायचा नव्हता. तिघांचंही मन राखायला एक वाट काढली : न वापरलेली ६० अब्जांची परवानगी हवामान निधीत वळवायची. विरोधी पक्ष कार्ल्सरूच्या घटना न्यायालयात गेला. १५ नोव्हेंबर २०२३ ला निकाल लागला : घटनाबाह्य. आणीबाणीचं कर्ज त्या आणीबाणीसाठी आणि त्याच वर्षी, पुढच्या कामांसाठी शिल्लक म्हणून नाही. कायद्याने बघितलं तर निकाल बरोबरच होता असं मला वाटतं. दोष न्यायालयाचा नाही. ज्या कामासाठी उघड कर्ज काढायला हवं होतं त्यासाठी दुसऱ्याच्या नावाची पिशवी वापरली, हा दोष.

त्याचा परिणाम कारखान्यात कसा पोचला ते सांगतो. केंद्र सरकार विजेच्या गाडीवर ६००० युरोपर्यंत अनुदान देत होतं, ते जून २०२० च्या त्या दणक्यातच दुप्पट केलेलं. ते टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०२४ च्या शेवटी संपणार होतं. निकालानंतर महिनाभरात, १६ डिसेंबर २०२३ च्या शनिवारी जाहीर झालं की उद्या रात्रीनंतर अर्ज घेणार नाही. एका दिवसाची मुदत. २०२४ मध्ये विजेच्या गाड्यांची नोंदणी २७ टक्क्यांनी घसरली. आमच्याकडे विजेच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या आवरणांची नवी उत्पादन-मार्गिका उभारली होती, तिच्यावर मी स्वतः दीड वर्ष राबलो होतो. ती पहिल्यांदा एका पाळीवर आली आणि मग आठवड्यातून तीन दिवसांवर. जुनी, गिअरबॉक्सच्या भागांची मार्गिका मात्र चालू. २०२० मध्ये तिच्यावरचीच माणसं आपण सगळ्यांनी मिळून वाचवली होती.

म्हणून माझं म्हणणं : ब्रेक चांगला की वाईट हा प्रश्न नाही. वेतनाला दिलेला आधार आणि पन्नास वर्षं टिकणारा पूल, दोन्ही एकाच खात्यात 'खर्च' म्हणून मांडले जातात, तिथे चूक आहे.

ध्रुव_ड्रेस्डेन

पुलाचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं.

११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे तीनच्या सुमारास इथला कारोला पूल एल्बे नदीत कोसळला. ट्रामचा भाग. शेवटची ट्राम त्यावरून काही मिनिटं आधी गेली होती. माझा रोजचा रस्ता तो. सकाळी काठावर शेकडो माणसं नुसती उभी होती, कोणी बोलत नव्हतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सगळं काटकसरीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पूल १९७१ चा, पूर्व जर्मनीच्या काळातला. तपासात निघालं की आतल्या ताणलेल्या पोलादी तारांना बांधकामाच्या वेळीच गंज लागायला सुरुवात झाली होती आणि पुढे त्या आतल्या आत तुटत गेल्या. तीनपैकी दोन भागांची दुरुस्ती झाली होती. पडला तो तिसरा, त्याचा नंबर २०२५ मध्ये होता. म्हणजे पैसा होता, योजना होती, फक्त रांग लांब होती.

रांगेबद्दल कोणी बोलत नाही. पश्चिमेकडे लुडेनशाइडजवळ ए-४५ वरचा राहमेडं पूल डिसेंबर २०२१ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला. तो स्फोटाने पाडला मे २०२३ मध्ये. नुसता पाडायला दीड वर्ष! तोवर महामार्गाची सगळी ट्रकवाहतूक गावातून. याच देशाने २०२२ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला द्रव वायूचं टर्मिनल वर्षाच्या आत उभं केलं, कारण त्यासाठी परवानग्यांचा वेगळा कायदा केला. तिथे पैसा तोच, अभियंते तेच. मग बाकीच्या कामांना तो वेग का नाही?

रेल्वेचं तर विचारू नका. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर त्यांच्या हिशेबात 'वेळेवर' असतो. अवांतर : २०२२ च्या उन्हाळ्यातलं ९ युरोचं तिकीट आठवतंय का? तीन महिने, देशभर कुठेही, लोकल आणि प्रादेशिक गाड्या. सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं विकली गेली. आई-बाबा तेव्हा नाशिकहून आले होते, त्यांना बाल्टिक समुद्रापर्यंत नेऊन आणलं. डबे खचाखच, पण लोक खूश होते. महागाईवरच्या सगळ्या उपायांत मला तो एकच आनंदाचा वाटला.

सुलभाताई

मी ठाण्याची, वय ७१. आकडे सगळे समजले नाहीत पण धागा दोनदा वाचला. माझा नातू यंदा मेकॅनिकल करून जर्मनीला मास्टर्सला जायचं म्हणतोय. घर गहाण ठेवून कर्ज काढणार आहेत. मंदी आहे म्हणता, मग पाठवावं की नाही? कृपया स्पष्ट सांगा, मुलं आम्हाला नीट सांगत नाहीत.

नेकारकाठी

ताई, स्पष्टच सांगतो. २०२१-२२ मध्ये इथे जी मागणी होती ती आज नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बेकारांची संख्या दहा वर्षांत पहिल्यांदा ३० लाखांवर गेली. गाड्यांच्या उद्योगात, म्हणजे नेमकं नातवाच्या क्षेत्रात, भरती जवळपास थांबली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत वाढवायचं जाहीर केलं, त्या बातमीवर जाऊन निर्णय घेऊ नका. व्हिसा मिळणं आणि काम मिळणं वेगळं.

तरी पाठवूच नका असं मी म्हणणार नाही. माणसं म्हातारी होतायत, दरवर्षी मोठ्या संख्येने निवृत्त होतायत, ती गरज खरी आहे. पण त्याने निघण्याआधी जर्मन भाषा बी-१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, करावी. फक्त इंग्रजीवर इथे येऊन अडकलेली मराठी मुलं मी दर महिन्याला भेटतो. विषयात वीजवाहिन्या, रेल्वे तंत्र, उष्णता पंप, अशा दिशेला जाता येत असेल तर पाहावं. आणि सरकारी विद्यापीठ असेल तरच. बहुतेक राज्यांत तिथे शिकवणीचं शुल्क नाही. खासगी संस्थेसाठी घर गहाण ठेवू नका.

मृण्मयी

ताई, भाषेबद्दल +१०० . माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलांपैकी ज्यांना जर्मन येतं ती सहा महिन्यांत माझ्याकडून निघून चांगल्या ठिकाणी लागतात. बाकीची तिथेच राहतात. नातवाला सांगा, मला संपर्क कर, इथल्या खर्चाचा खरा हिशेब मी लिहून देईन.

माझ्याकडची बरी बातमी : उपाहारगृहातल्या जेवणावरचा कर जुलै २०२० मध्ये १९ वरून ५ आणि २०२१ पासून ७ केला होता, जानेवारी २०२४ मध्ये तो पुन्हा १९ झाला आणि आता १ जानेवारी २०२६ पासून परत ७. १९ च्या दोन वर्षांत माझ्या रस्त्यावरची तीन दुकानं बंद झाली. मी मिसळीचा दर वाढवला नाही, तेव्हा तो फरक माझ्याच खिशातून गेला. आता श्वास घेता येईल.

अर्थात

नेकारकाठी, 'वेतन आणि पूल एका खात्यात' हा मुद्दा पटला. अर्थशास्त्रात त्याला गुंतवणुकीचा सुवर्णनियम म्हणतात आणि २००९ पूर्वी जर्मनीच्या घटनेत काहीसा तसाच नियम होता : कर्ज गुंतवणुकीपेक्षा जास्त नको. तो ढिला ठरला, पळवाटा फार झाल्या, म्हणून बदलला. हेही लक्षात ठेवायला हवं.

ब्रेकचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ६ नोव्हेंबर २०२४ ला, तोवर चान्सेलर झालेल्या शोल्त्सनी उदारमतवादी पक्षाचे अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं, तेही याच वादावरून, आणि सरकार पडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक. आणि ज्या पक्षाने कार्ल्सरूला दावा जिंकला होता, त्याच पक्षाच्या मेर्त्सनी सत्तेवर येण्याआधीच, मार्चमध्ये, जुन्या संसदेकडून घटना बदलून घेतली. संरक्षणाचा राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्यावरचा खर्च ब्रेकमधून बाहेर. पायाभूत कामांसाठी १२ वर्षांत ५०० अब्ज, त्यातले १०० राज्यांना आणि १०० हवामान निधीला. राज्यांनाही ०.३५ टक्के कर्जाची मुभा.

माझी भीती अशी, की जे खर्च नेहमीच्या अर्थसंकल्पातून होत होते ते हळूच या निधीत ढकलले जातील आणि मोकळ्या झालेल्या पैशातून सवलती वाटल्या जातील. तसं होतंय अशी टीका तिथले अर्थतज्ज्ञ आत्ताच करतायत. पिशवी बदलायची सवय जात नाही.

ध्रुव_ड्रेस्डेन

आणि रांग? सरकारी विकास बँक केएफडब्ल्यूच्या २०२४ च्या पाहणीत नुसत्या नगरपालिकांची तुंबलेली कामं १८६ अब्जांची होती, पुढच्या वर्षी ती २१५ च्या पुढे गेली. आमच्या महापालिकेत पुलांचे आराखडे तपासायला माणसं नाहीत. माझी मैत्रीण त्याच विभागात आहे, दोन जागा वर्षभर रिकाम्या. ५०० अब्ज आले तरी ते खर्च करायला आधी आराखडा तपासणारा हवा.

चाकणकर

धागाकर्ते, एक विचारायचं होतं. कुर्त्सआर्बाइट अजून चालू आहे का? आमच्या पार्टीकडून मेल येतात त्यात शुक्रवारी ऑफिस बंद असं असतं हल्ली.

नेकारकाठी

चालू आहे. भत्त्याची कमाल मुदत २०२५ साठी पुन्हा १२ वरून २४ महिने केली होती. आमच्याकडेही गेल्या वर्षापासून शुक्रवार बंद. पगारपत्रकावर तीच ओळ परत आली आहे. या वेळी ती पाहून झोप लागत नाही.

२०२० मध्ये ऑर्डरी परत येणार हे माहीत होतं, साथ कधीतरी ओसरणार होती. आता गिअरबॉक्सच्या भागांच्या ऑर्डरी परत येणार नाहीत हे आमच्या पाळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरचा सहकारी ५४ वर्षांचा, तुर्की वंशाचा, ३१ वर्षं याच कारखान्यात. तो म्हणतो, मला शुक्रवारी घरी बसवू नका, शुक्रवारी काहीतरी शिकवा. कायद्यात तशी सोय होती : या काळात प्रशिक्षण घेतलं तर कंपनीला विम्याच्या हप्त्यांचा निम्मा हिस्सा परत मिळू शकत होता. जुलै २०२४ पर्यंत ती होती. फार थोड्या कंपन्यांनी वापरली, आमच्याकडे एकदाही नाही.

मंगळवारी कामगार परिषदेची बैठक आहे. उच्च दाबाच्या विजेच्या जोडण्यांचा अभ्यासक्रम शुक्रवारी इथेच घ्यावा असा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, काल रात्रीपर्यंत ४३ सह्या झाल्या. काय होतं ते इथेच लिहीन.